वेणूची उंची

‘ऑफिस में पेट दिखाओ,’ दॉ म्या म्हणाली होती. जिन्यात उभी राहून, ओला हात स्वतःच्या लुंगीवर, पोटाशी ठेवून, जणू पोट तिचंच आहे. ‘पेट का बात बोलेगा तो टाइम जास्ती देगा. शादी का बात मत बोलो. शादी छोटा बात.’ दॉ म्या आमची रंगूनची घरमालकीण. खाली ती, वर आम्ही, आणि मधल्या जिन्यात तिच्या मोडक्या हिंदुस्तानीत आणि माझ्या त्याहून मोडक्या बर्मीत दोन्ही घरांचं सगळं बोलून व्हायचं. मी हसले, पदर सारखा केला, आणि ‘देखेंगे’ म्हणून वर निघून आले. मला कळलं नाही असं तिला वाटलं असावं, कारण वरून वळून पाहिलं तर ती अजून तशीच उभी होती, पोटावर हात ठेवून. तिच्या लुंगीवर पाण्याचा पंजा उमटला होता. तो पंजा मला आज दुपारी आठवला. श्यामलालजी इथे गोंदियाला, माझ्या माहेरच्या ओसरीवर बसून पाणी पीत होते, गडवा उंच धरून, वरून धार सोडत, आणि मधेच धार थांबवून म्हणाले, ‘भाभीजी, आपकी वेणू तो पक्की बर्मी हो गई. उस बुढ़िया को अमे बोलती है.’ आणि पुन्हा धार सोडली. वेणू माझी मुलगी, तिकडे रंगूनला राहिलेली. अमे म्हणजे बर्मीत आई. हे त्यांना माहीत होतं आणि मला माहीत होतं, पण मायला माहीत नव्हतं, म्हणून तिनं विचारलं, ‘अमे म्हंजे कोन?’ श्यामलालजींनी मिशीवरचं पाणी पुसलं आणि हसत हसत सांगितलं.

माय अंगणात वाळलेली मोहफुलं सुपात घेऊन निवडत होती. तिचा हात थांबला नाही. ‘लेकराले जे भात घालते ते माय,’ ती म्हणाली. ‘त्याच्यात रडाचं काय आहे वो?’ मी म्हटलं, मी रडत नाही. ‘मंग डोळे कायले पुसून राहिली?’ मोहफुलांचा तो गोडसर, अंगावर येणारा वास, त्यात मागच्या राईस मिलमधून येणारा उकडलेल्या धानाचा वास, आणि मांडीवर धाकटा, नुकता बसायला शिकलेला, श्यामलालजींच्या कोटाच्या बटनाकडे झेपावणारा. श्यामलालजी आमच्या यांच्याच, वेणूच्या बाबांच्या पेढीवर कारकून होते. आमच्या गोंदियाच्या विड्या रंगूनच्या बाजारात जातात, त्या पेढीची तिकडची गादी हे सांभाळतात आणि श्यामलालजी वखार बघायचे. आता ते कायमचे परत आले आहेत. ‘बस हो गया. रोज रोज कागज दिखाओ, मैं आदमी हूं, मैं आदमी हूं. उससे अपना तिरोडा अच्छा.’ कायमचं परतायला कसलाच परवाना लागत नाही. तिकडची नोंद ऑफिसात ठेवून द्यायची आणि जहाजात बसायचं. जायचं आणि पुन्हा यायचं, एवढंच कुणाला सहज करता येत नाही. जाताना त्यांनी कोटाच्या खिशातून विलायती गोळ्यांची टिनची डबी काढली. तिच्यात यांनी पाठवलेलं लाल दोऱ्याचं एक बंडल होतं, विडीला बांधतात तो दोरा. ‘पटले बाबू ने दिया है. बोले, दो गांठ के बीच में वेणू की ऊंचाई. नया फ्रॉक सी के किसी के हाथ भेज देना.’ मग त्यांनी धाकट्याच्या गालाला बोट लावलं आणि तिरोड्याची गाडी गाठायची म्हणून ते उठले. मी डबी हातात धरून उभी राहिले. डबीला अजून पेपरमिंटचा वास येत होता. वेणूला पेपरमिंट आवडत नाही. की आता आवडतं?

ब्रह्मदेश आपल्या पाठोपाठ स्वतंत्र झाला आणि आम्ही तिथे परदेशी झालो. त्यात कुणाचं काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आताही वाटत नाही. ज्याचं घर तो दाराशी विचारणारच. परदेशी माणसाची तिथे नोंद असते. काही दिवस देशाबाहेर जायचं तर आधी ऑफिसात वर्दी द्यावी लागते, का जाता, परत कधी येणार. मग परतीचा परवाना मिळतो. त्यावरच्या तारखेच्या आत पाय पुन्हा रंगूनच्या धक्क्याला लागला पाहिजे. नाही लागला तर नोंद मेली. हा शब्द यांचा. ‘नोंद मेली की माणूस तिथे कधी नव्हताच असं धरतात,’ हे म्हणायचे, आणि नवी नोंद आता कुणाला देत नाहीत. ऑफिस नदीच्या बाजूला होतं. पंखा फिरायचा तसे टेबलावरचे कागद एकेक करून मान वर करायचे. अधिकारी तरुण होता, सभ्य होता, इंग्रजी चांगलं बोलत होता. कशासाठी जाता? हे माझ्याकडे बघून काहीतरी बोलणार होते. मी यांच्या बाहीला बोट लावलं. बस, एवढंच. बोट लावलं आणि काढून घेतलं. ‘हिच्या भावाचं लग्न आहे,’ हे म्हणाले. आणि ते खरं होतं. नंदलालचं लग्न वैशाखात ठरलं होतं, त्यात खोटं काहीही नव्हतं. ‘मुलगी बरोबर जाणार?’ ‘नाही, इथेच राहील.’ अधिकाऱ्यानं वेणूकडे पाहिलं. ती टेबलाच्या कडेला धरून उभी होती, कडेच्या वर फक्त तिचे डोळे आणि कपाळ दिसत होतं. तो तिच्याकडे बघून हसला आणि त्यानं शिक्का मारला. आई परत येणार याचा जामीन त्याच्या टेबलापलीकडून त्याच्याकडे बघत होता. लग्नाला लागतात तेवढेच महिने त्यानं दिले, थोडे वर, हसून.

आमच्याकडे बाई सांगत नाही, घराला कळतं. चिंचेचं मडकं लवकर रिकामं होतं, भात उतरवताना बाई तोंड फिरवते, आणि सासू काही न विचारता जड घागर दुसरीच्या हातात देते. पाचवा महिना लागेपर्यंत ओठावर शब्द येत नाही. नवऱ्याशीसुद्धा ‘तसं आहे’ एवढंच. वेणूनंतर एक होतं. तेव्हा मी नवी नवी शहाणी, रंगूनमध्ये राहणारी. दुसऱ्याच महिन्यात सगळ्यांना सांगून टाकलं, जिन्यात दॉ म्याला सांगितलं, इकडे कळवलं. तिसऱ्या महिन्यात ते गेलं. मायनं येणाऱ्या माणसाबरोबर निरोप पाठवला, ‘पुढच्या टायमाले पाचवा लागेपर्यंत कोनाले सांगू नोको. नजर काळी असते बापा.’ नागपूरला कॉलेजात मी तर्कशास्त्र घेतलं होतं. एक गोष्ट दुसरीच्या नंतर घडली म्हणून पहिलीमुळे घडली असं मानणं हा कोणता दोष, त्याचं लॅटिन नाव मला पाठ होतं. फळ्यापाशी उभी राहून मी तो कुणालाही समजावून दिला असता. पण पोटातल्या त्या मुठीएवढ्या उबेला तर्कशास्त्र शिकवायचं धाडस मला झालं नाही. आणि त्या पंख्याखाली, शिक्का हातात घेतलेल्या परक्या पुरुषासमोर, जे मी अजून मायलाही सांगितलं नव्हतं ते? दाखवण्यासारखं तर काही नव्हतंच. होतं ते सांगण्यासारखं होतं. दॉ म्याला मात्र न सांगता कळलं होतं. जिन्यात एकदा मी कठड्याला धरून थांबले, तेवढ्यावरून. तिची सहा बाळंतपणं झाली होती आणि एकही मूल मोठं झालं नव्हतं, हे मला पुष्कळ नंतर आठवलं. आठवलं तेव्हा मी इथे होते आणि वेणू तिच्याजवळ होती.

वेणूला न्यायचं नाही हे दोघांनी मिळून ठरवलं. उलट्यांच्या दिवसांत जहाजावर चार वर्षांच्या मुलीमागे कोण धावणार? लग्न झालं की आलेच. धक्क्यावर ती मला बिलगली तेव्हा तिचे केस माझ्या कमरेच्या किल्ल्यांच्या आकड्यात अडकले. हे नेहमीचंच होतं. तिचं डोकं बरोबर आकड्यापर्यंत यायचं आणि दिवसातून एकदा तरी केस अडकायचे, ती ‘आई, आं’ करायची, मी वाकून सोडवायची. तिला ‘आई’ म्हणायला मीच शिकवलं होतं. आमच्या घरात माय म्हणतात, पण कॉलेजात जाऊन आल्यावर मला आई बरं वाटायला लागलं. त्या दिवशी भोंगा झाला होता, हमाल ओरडत होते, आणि मी वाकून एकेक केस सोडवत होते, तुटू नये म्हणून. एक तुटलाच. तो आकड्याला गुंडाळलेला मला तिसऱ्या दिवशी कलकत्त्याला दिसला. आपली गाडी तर हावड्याहून सरळ गोंदियाला येते, कुठे बदलायचीही नाही. इतकं सरळ आहे सगळं. नकाशावर बोट ठेवलं तर दोन वळणं.

हळदीच्या दिवशी माझ्या लुगड्याला डाग लागला. अंगणात बायका गात होत्या, नंदलाल पाटावर पिवळा होऊन बसला होता, आणि मी मधल्या खोलीत भिंतीला धरून उभी होते. तेव्हा मायला कळलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, पलंगावरून पाय खाली टाकायचा नाही, जहाजाचं तर नावच काढू नका. मी पडून राहिले. वैशाख गेला, पावसात धानाची रोवणी झाली, बाबांचं मुर्री गावच्या शेतावरून चिखलाचे पाय घेऊन येणं, मिलच्या पट्ट्याचा एकसारखा आवाज, आणि रोज ठरलेल्या वेळी हावड्याकडे जाणारी मेल. ती जाताना पलंगाचे पाय किंचित थरथरायचे. त्या थरथरण्यात परवान्याची तारीख आली आणि गेली. काही वाजलं नाही, कुणी दार ठोठावलं नाही. मी त्या दिवशी भाताची पेज प्याले आणि कुशीवर वळून झोपले.

मग अर्ज. यांनी तिकडून केला, बाबांनी इकडून ब्रह्मदेशाच्या कलकत्त्यातल्या ऑफिसकडे केला. सोबत डॉक्टरीणबाईंचा दाखला, की बाईंना हलवणं शक्य नव्हतं. त्या दाखल्यात महिने लिहिले होते. त्यांनी महिने मागे मोजले. उत्तर सभ्य होतं, त्या तरुण अधिकाऱ्यासारखंच. जाताना अर्जदार गरोदर होती, तिनं लग्नाचं कारण सांगितलं आणि हे सांगितलं नाही, तेव्हा माहिती लपवली असं दिसतं. मुदतीत न येण्याचा बेत आधीपासून नव्हता कशावरून? तसंच अर्जदार मुदत संपल्यावर प्रत्यक्ष कुठे होती याचा तिथल्या पोलिसांचा दाखला जोडावा. बाबांनी मला ठाण्यात नेलं, धाकटा तेव्हा दीड महिन्याचा, दुपट्यात. जमादार बाबांच्या ओळखीचे. ‘नाव?’ शामकला. ‘ते तं ठीक. कोनाच्या?’ बाबा म्हणाले, माझी पोरगी. ‘म्हंजे आपलीच. मंग ह्या कागदात परदेशी कोन लिवलं?’ मी म्हटलं, मी तिथे परदेशी आहे. ‘अन इथं?’ इथे नाही. ‘मंग इथं आल्याची वर्दी कायले द्याची? माहेरी बाळंतपनाले आल्याची वर्दी कोनी ठान्यात देते का वो बाई? उद्या सासू मारते म्हून पासपोर्ट मांगाल!’ सगळे हसले. बाबाही हसले. मीही हसले, धाकटा दचकून रडायला लागला. जमादारांनी मोठ्या मनानं, स्वतः मजकूर सांगून दाखला लिहवला, की सौभाग्यवती शामकला ही टिकाराम यांची कन्या असून गोंदियाची कायमची रहिवासी आहे, आम्ही तिला लहानपणापासून ओळखतो. बाबांना तो फार आवडला. घरी त्यांनी तो मोठ्यानं वाचून दाखवला. कायमची रहिवासी. मी म्हटलं, बाबा, हा पाठवू नका. ते म्हणाले, ‘काऊन? खोटं आहे का त्याच्यात काही?’ खोटं काहीच नव्हतं. कुठेच कधी काही खोटं नव्हतं. तो गेला, आणि त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

धाकटा कुठल्याच नोंदीत नाही. तो गेला तर कोण म्हणून जाईल हा वेगळाच अर्ज आहे. आणि वेणूला इकडे का नाही आणत, असं सगळेच विचारतात. माय विचारते, विहिरीवरच्या बायका विचारतात, मी पडल्या पडल्या स्वतःला विचारते. यांचं तिकडून म्हणणं, ती इथे आहे म्हणूनच तुझा अर्ज जिवंत आहे. इथल्या मुलीची आई, या एका गोष्टीवर तो उभा आहे. तिला जहाजात बसवलं की ऑफिसात म्हणतील, संपलं, कुटुंब गेलं. आणि हे तिला सोडायला आले तर यांनाही परतीचा परवाना हवा, आणि ज्याची बायको मुदतीत परतली नाही त्याला तो कसा मिळणार? नोकरी सोडून यावं, तर हे म्हणतात, इकडे येऊन विड्या वळू का? कॉलेजात आम्हाला असं एक उदाहरण होतं, ज्यात प्रत्येक वाक्य पुढच्या वाक्याच्या हातात हात घालून उभं असतं आणि शेवटचं वाक्य पहिल्याचा हात धरतं. आत शिरायला जागाच नसते. मी त्या गोल फिरणाऱ्या वाक्यांच्या बाहेर उभी आहे आणि वेणू आत. यांच्या पत्रांत तिच्याबद्दल एकच ओळ असते, ‘वेणू मजेत आहे.’ पहिल्या पत्रांत ती काय बोलली, कशाला हट्ट केला, असं असायचं. पुढे ‘मजेत आहे’. हे मुळातच कमी लिहिणारे. मी तसंच समजत आले.

श्यामलालजी गेल्यावर मी आतल्या खोलीत गेले आणि दोरा सोडला. एका टोकाजवळ एक गाठ, दुसऱ्या टोकाजवळ एक. यांनी तिला दाराशी उभं केलं असेल, टाचेशी एक गाठ, डोक्यावर बोट आडवं धरून दुसरी. नीट उभी राहा, हलू नकोस. ती हसली असेल, तिला पायापाशी काही केलं की गुदगुल्या होतात. मी खालची गाठ पायाच्या अंगठ्याखाली दाबली आणि दोरा वर ओढला. फ्रॉकचं माप घ्यायचं होतं मला, दुसरं काही नाही. वरची गाठ कमरेशी आली. आकड्याशी. बरोबर आकड्याशी. मी दोरा सोडला आणि पुन्हा ओढला. मग पायातली जोडवी काढून ओढला. गाठ आकड्याशीच. चैत्रात मी निघाले होते आणि हा दुसरा चैत्र चालू आहे, मोहफुलं पुन्हा पडली आहेत. वर्षात हे एवढं मूल पोटातून निघून बसायला शिकलं. चार वर्षांची मुलगी पाच वर्षांची होते आणि जिथे होती तिथेच राहते? मी विचार करायला लागले, नीट, एकेक पायरी. बाळंतपणानंतर माझी कंबर सुटली असेल आणि मी आकडा वर खोचत असेन. मी आकडा काढला, जुन्या जागी खोचला, पण जुनी जागा कोणती? दोरा भिजून आटला असेल. विडीचा दोरा आटतो का? यांनी घाईत घेतलं असेल, ती गुडघ्यात वाकली असेल. किंवा दोरा वाटेत तुटला आणि श्यामलालजींनी पुन्हा गाठ मारली. हे मला एकदम पटलं. पुरुषाच्या खिशात दोरा तुटणारच. हे विचारून घ्यायला हवं होतं, एवढंच. मी धाकट्याला काखेला मारलं आणि निघाले. मायनं मागून विचारलं, काय झालं वो, पण मी थांबले नाही.

स्टेशन आमच्या घरापासून लांब नाही. ऊन होतं, रस्त्यावर धानाच्या कोंड्याचा थर उडत होता, आणि मी पूल चढताना धाकटा माझं मंगळसूत्र तोंडात घालत होता. श्यामलालजी फलाटावर ट्रंकेवर बसून पान लावत होते. मला बघून ते उठले, पान तसंच हातात. ‘अरे भाभीजी, कुछ भूल गया क्या मैं?’

‘दोरा वाटेत तुटला होता का?’ मी म्हटलं. धापेमुळे मोठ्यानं म्हटलं गेलं.

‘कौनसा दोरा? अच्छा, वो! नहीं जी. जैसा दिया वैसा लाया. डिबिया भी नहीं खोली, मां कसम.’

‘वेणू केवढी झाली?’

‘अरे, बहुत बड़ी हो गई!’ ते म्हणाले आणि त्यांनी हात पुढे करून तळवा हवेत आडवा धरला, माणसं मुलांची उंची दाखवतात तसा. ‘इतनी...’ तळवा ट्रंकेच्या जरा वर होता. तो वर गेला. मग थोडा खाली आला. मग पुन्हा वर. मी त्या तळव्याकडे बघत होते. त्याला चुना लागला होता. तळव्याखाली काही नव्हतं, आणि तो कुठे थांबावं हे शोधत होता.

‘तुम्ही तिला उभी बघितली ना?’

हात खाली गेला. ‘खड़ी तो... ऐसा है भाभीजी, मैं जाने से पहले दो बार गया था. दोनों बार सोई थी. मच्छरदानी में. बुढ़िया बोली, धीरे बोलो.’

‘दुपारी गेला असाल.’

‘एक बार दोपहर को,’ ते म्हणाले, आणि हातातल्या पानाकडे बघत पुढे म्हणाले, ‘एक बार सबेरे.’

‘मग अमे कुणी म्हटलं?’

‘उसी ने. अंदर से. पानी मांगा उसने, बस.’ आणि मग घाईनं, ‘बच्चे तो सोते ही हैं. मेरा छोटावाला तो खाना खाते खाते सो जाता है. आप भी ना!’ तिरोड्याची गाडी लागली. त्यांनी पान तोंडात टाकलं, ट्रंक उचलली, माझी नजर चुकवली की ट्रंक जड होती म्हणून मान खाली गेली, मला सांगता येणार नाही. खिडकीतून त्यांनी धाकट्याला टाटा केला. धाकट्यानंही हात हलवला. तो अजून कुणालाही हात हलवतो.

गाडी गेली आणि मी फलाटावर उभी राहिले. पलीकडच्या फलाटावर हावड्याकडच्या मेलची माणसं जमायला लागली होती. मी तिच्यात बसू शकते. इथे मला कोण अडवणार, मी इथली कायमची रहिवासी. दुसऱ्या दिवशी कलकत्ता, आणि मग तो धक्का, जिथे एक माणूस हात पुढे करेल आणि मी त्याच्या हातात काय ठेवणार? एक लाल दोरा? मेल आली, थरथर पायात शिरली, पलंगातून शिरायची तशीच, आणि गेली. मला वाटलं होतं मी काहीतरी करीन. मी धाकट्याचं डोकं पदरानं झाकलं आणि घरी आले. यांना तार करावी, तर काय लिहायचं? वेणू का झोपली आहे? तारेला उत्तर येईल, वेणू मजेत. हे खोटं बोलत नाहीत. मी यांच्या बाहीला बोट लावलं आणि हे एक गोष्ट बोलायची थांबले, आता यांच्या बाहीला कुणी बोट लावलं असेल? की हे आपणहून थांबले आहेत, मी इथे पडून होते आणि मला हलायचं नव्हतं म्हणून, अंगावर पिणारं मूल आहे म्हणून? सांगून मी करणार काय होते, असं यांना वाटलं असेल. आणि ते बरोबरच आहे. हेच सगळ्यात वाईट आहे, की ते बरोबर आहे.

‘उन्हातून लेकराले घेऊन कायले गेली होती?’ मायनं विचारलं. मी सांगितलं. सगळं नाही, दोऱ्याचं आणि झोपेचं तेवढं सांगितलं. तिनं सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, ‘झोपू दे. झोपेतच वाढते लेकरू. तू बी मोठी झोपाळू होती.’ तिनं ते मला बरं वाटावं म्हणून म्हटलं आणि लगेच तिलाही ऐकू आलं की आपण काय म्हटलं, कारण तिची नजर माझ्या हातातल्या दोऱ्याकडे गेली. तिनं धाकट्याला माझ्याकडून घेतलं आणि ती आत गेली. फ्रॉकचं कापड आणलेलं आहे, निळं, पांढऱ्या ठिपक्यांचं. मला ते बेतता येत नाही. मोठं शिवलं तर मी दोऱ्याला खोटं ठरवलं, आणि दोऱ्याएवढं शिवलं तर मी ते मान्य केलं.

म्हणून हे लिहिते. कागद जिथे जातात तिथे मला जाता येत नाही. तुमच्यापैकी कुणाचा भाऊ, कुणाचा दीर रंगूनच्या बाजारात असेल, कुणी स्वतः जाणार असाल, तुमच्या परवान्याची तारीख पुढची असेल. सत्ताविसावी गल्ली, नदीकडून येताना उजव्या हाताला, हिरव्या कठड्याचं घर. खाली दॉ म्या राहते. वर ज्यांचं घर आहे त्यांचं नाव मी कधी घेतलेलं नाही, पण नावाशिवाय तुम्हाला सापडणार नाही म्हणून लिहिते, केवलराम पटले. दॉ म्या चांगली आहे, तिला माझा नमस्कार सांगा, भांडू नका. वेणूबद्दल विचारलंत की ती ओठावर बोट ठेवील आणि म्हणेल, सोती है, धीरे बोलो. तुम्ही परत फिरू नका. मच्छरदानी बाजूला करा म्हणावं. तिला उभी करा, आपल्याजवळ घ्या, आणि तिचं डोकं तुमच्या कुठे लागतं ते बघून मला कळवा, गोंदिया, टिकारामजींच्या घरी. आणि ती खरंच झोपलेली असेल तर जिन्यात बसा. ती उठेपर्यंत थांबा.